सिलिंडरवरचा ‘त्लेन’

प्रश्न : माझा पुतण्या पोलंडमध्ये वेल्डिंगच्या कामावर आहे. त्याने तिथल्या एका सिलिंडरचा फोटो पाठवला. त्यावर मोठ्या अक्षरांत ‘त्लेन’ असे लिहिले आहे. हा आपला ऑक्सिजनच, असे तो म्हणतो. माझी मुलगी इथे कन्नड माध्यमात शिकते, तिच्या विज्ञानाच्या पुस्तकात ऑक्सिजनला ‘आम्लजनक’ म्हटले आहे. मी मराठीतून शिकलो, आम्हाला गुरुजींनी ‘प्राणवायू’ सांगितला. वडील निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेले, ते ‘ऑक्सिजन’च म्हणायचे. एका वायूला इतकी नावे का, आणि त्यात हे ‘त्लेन’ कुठून आले? आणखी एक विचारतो. आमच्या इकडे कल्हईला नवसागर वापरतात. त्या पांढऱ्या खड्यात सागर कसा काय शिरला?
— एक वाचक, दुबलगुंडी (ता. हुमनाबाद, जि. बीदर)

उत्तर : आधी त्लेन. पोलिश भाषेत ‘त्लिच’ असे एक क्रियापद आहे. त्याचा अर्थ धुमसणे. जाळ नाही, भडका नाही, पण राखेखाली गोवरी रात्रभर आतल्या आत जळत राहते आणि सकाळी फुंकर मारली की लाल होते, ते धुमसणे. या क्रियापदावरून १८५१ साली यान ओचापोव्स्की या पोलिश अभ्यासकाने ‘त्लेन’ हे नाव सुचवले. जो धुमसायला लावतो तो त्लेन. उच्चार करताना त आणि ल यांच्यामध्ये स्वर येऊ द्यायचा नाही.

पण १८५१च्या आधी पोलिश लोक या वायूला काय म्हणत होते, हे कळले की तुमच्या मुलीच्या पुस्तकातला शब्दही उलगडतो. ते म्हणत होते ‘क्वासोरुद’. ‘क्वास’ म्हणजे आम्ल, आणि ‘रुद’ हा जन्माशी, कुळाशी संबंध असलेला शब्द. म्हणजे आम्लाला जन्म देणारा. थेट आम्लजनक! दुबलगुंडीच्या शाळेतला आजचा शब्द आणि पोलंडने दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी टाकून दिलेला शब्द, दोन्ही एकाच साच्यातून निघालेले आहेत. तो साचा फ्रेंच आहे आणि त्याचा कर्ता आंत्वान लाव्हाझिए.

हा वायू पहिल्यांदा वेगळा केला तो लाव्हाझिएने नव्हे. स्वीडनमध्ये कार्ल शेले याने १७७०च्या दशकाच्या सुरुवातीलाच तो मिळवला होता, पण त्याचे पुस्तक छापून यायला १७७७ साल उजाडले. तोवर इंग्लंडमध्ये जोसेफ प्रीस्टलीने १ ऑगस्ट १७७४ रोजी भिंगाने ऊन एकवटून पाऱ्याचे तांबडे भस्म तापवले आणि तोच वायू गोळा केला. मेणबत्ती त्यात कमालीच्या तेजाने जळाली. तरी या दोघांनाही आपल्या हाती नेमके काय लागले आहे ते नीट उमगले नव्हते. ते उमगले लाव्हाझिएला. त्याने बंदिस्त हवेत पारा बारा दिवस तापवत ठेवला, हवेतला किती भाग नाहीसा झाला ते मोजले, पाऱ्यावर आलेला तांबडा थर पुन्हा जास्त तापवून तेवढाच वायू परत मिळवला, आणि दाखवून दिले की जळणे म्हणजे पदार्थातून काही बाहेर पडणे नव्हे, तर हवेतला हा वायू पदार्थाशी जोडला जाणे होय. आधुनिक रसायनशास्त्राची सुरुवात इथून धरतात, आणि ते योग्यच आहे.

नाव देताना मात्र तो चुकला. गंधक जाळले, पाण्यात विरघळवले, आम्ल मिळाले. फॉस्फरस जाळला, आम्ल मिळाले. कोळसा जाळून निघालेला वायू पाण्यात सोडला, सौम्य का होईना, पण आम्लच मिळाले. मग प्रत्येक आम्लात हा वायू असलाच पाहिजे, आंबटपणा येतो तो यानेच, असे त्याने ठरवले. ग्रीक भाषेत ‘ऑक्सुस’ म्हणजे तीक्ष्ण, आंबट. त्याला ‘उत्पन्न करणारा’ अशा अर्थाचा प्रत्यय लावून ‘ऑक्सिजन’ तयार झाला. १७८७ साली लाव्हाझिए आणि त्याच्या सहकाऱ्यांनी नव्या रासायनिक नावांची जी पद्धत प्रसिद्ध केली तिच्यातून तो युरोपभर पोचला. सात वर्षांनी, ८ मे १७९४ रोजी, फ्रेंच राज्यक्रांतीत लाव्हाझिएचा शिरच्छेद झाला. आपल्या नावातली चूक त्याला कधीच कळली नाही.

ती कळली १८१०च्या सुमारास. समुद्राच्या मिठापासून निघणारे एक जहाल आम्ल होते, आज आपण त्याला हायड्रोक्लोरिक आम्ल म्हणतो. लाव्हाझिएच्या नियमाने त्यातही ऑक्सिजन असायला हवा होता. लंडनमध्ये हम्फ्री डेव्हीने जंग जंग पछाडले, पांढराफटक होईपर्यंत तापवलेला कोळसा वापरूनही त्या आम्लापासून मिळणाऱ्या हिरवट वायूतून ऑक्सिजन निघेना. त्याने निष्कर्ष काढला की हा हिरवट वायू स्वतःच एक मूलद्रव्य आहे. त्याचे नाव त्याने क्लोरीन ठेवले. म्हणजे या आम्लात हायड्रोजन आणि क्लोरीन एवढेच; ऑक्सिजनचा मागमूस नाही. पुढे हळूहळू स्पष्ट झाले की आम्लपणा हायड्रोजनकडून येतो. नाव शोभले असते तर ते हायड्रोजनला.

तोपर्यंत ‘ऑक्सिजन’ सगळीकडे रुजला होता आणि अनेक भाषांनी त्याचे शब्दशः भाषांतरही करून टाकले होते. जर्मनांचा ‘झाउअरश्टोफ’ म्हणजे आंबट द्रव्य. रशियनांचा ‘किस्लारोद’ म्हणजे आम्लाला जन्म देणारा. जपानी ‘सान्सो’ म्हणजे आम्लाचे मूलद्रव्य. कन्नडचा आम्लजनक याच रांगेत बसतो, तसाच हायड्रोजनचा ‘जलजनक’ही. जलजनक हे नाव मात्र शंभर टक्के खरे आहे, कारण हायड्रोजन जळाला की पाणीच होते. ही सगळी नावे अजून चालू आहेत. जर्मनीत, रशियात, जपानात मुले चुकीच्या अर्थाचे नाव पाठ करतात, त्यांचे काही अडत नाही. पोलिश भाषेने मात्र तसे केले नाही, आणि म्हणून तुमच्या पुतण्याच्या सिलिंडरवरचा तो छोटासा शब्द मला फार मोलाचा वाटतो.

पोलंडची तेव्हाची परिस्थिती लक्षात घेतली पाहिजे. १७९५ साली रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी उरलासुरला देश वाटून घेतला आणि १९१८पर्यंत पोलंड नावाचे स्वतंत्र राज्य नकाशावर नव्हते. देश नाही, पण भाषा आहे, अशी ती अवस्था. येंद्जेय श्न्यादेत्स्की हा तरुण वैद्य इटलीत पाव्हियाला आणि स्कॉटलंडमध्ये एडिंबरोला शिकून परतला आणि १७९७ साली रशियाच्या ताब्यातल्या विल्ना (आजचे व्हिल्नियस) इथे रसायनशास्त्राचा प्राध्यापक झाला. विद्यापीठात लॅटिनची सद्दी असताना त्याने पोलिशमधून शिकवायचे ठरवले. १८०० साली त्याचे ‘रसायनशास्त्राची मूलतत्त्वे’ अशा अर्थाचे पुस्तक निघाले. पोलिशमधले रसायनशास्त्राचे हे पहिले विद्यापीठीय पाठ्यपुस्तक. ते लिहायचे तर आधी शब्द घडवणे भाग होते. क्वासोरुद त्याच्या लेखणीतून आला. हायड्रोजनला त्याने पाण्याचा जनक या अर्थाने ‘वोदोरुद’ म्हटले. ऑक्साइडला म्हटले ‘न्येदोक्वास’, म्हणजे पुरते आम्ल न झालेले, अपुरे आम्ल.

इथे नावातली चूक नुसती नावापुरती राहत नाही. लोखंडावरचा गंज हा लोखंडाचा ऑक्साइड आहे. श्न्यादेत्स्कीच्या परिभाषेत तो झाला लोखंडाचे अपुरे आम्ल. चुनकळी हे कॅल्शियमचे ऑक्साइड. तेही अपुरे आम्ल. आता चुना तर आम्लाच्या नेमका उलट गुणाचा! आंबट झालेल्या जमिनीत आपण चुना घालतो तो आम्ल मारण्यासाठी. शिकणाऱ्या मुलाला एकीकडे चुना आम्लाचा वैरी म्हणायचे आणि दुसरीकडे त्याला अपुरे आम्ल म्हणायचे, हा घोळ किती काळ चालणार? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर पोलिश रसायनतज्ज्ञांत परिभाषेवरून मोठा वाद झाला. वॉर्सा, क्राकुव आणि पॅरिसमध्ये परागंदा झालेले पोलिश शास्त्रज्ञ, सगळ्यांनी त्यात भाग घेतला. पॅरिसला राहणारा फिलिप व्हाल्तर हा त्यांतलाच. टोल्युइन हे द्रव्य १८३७च्या सुमारास शोधणाऱ्या दोघांपैकी एक. या घुसळणीतून ओचापोव्स्कीचा त्लेन वर आला. तो काही एका दिवसात रुळला नाही. पण एकदा रुळल्यावर बाकीची नावे आपोआप सुधारली. ऑक्साइड झाला ‘त्लेनेक’. कार्बन डायऑक्साइड झाला ‘द्वुत्लेनेक वेंग्ला’. वोदोरुदाची शेपटी गळून ‘वोदूर’ उरला.

या शेवटच्या दोन नावांकडे मराठी वाचकाने जरा थांबून पाहावे. ‘द्वु’ म्हणजे दोन, आपल्या ‘द्वि’चा सख्खा भाऊ. ‘वेंग्येल’ म्हणजे कोळसा. तो आणि संस्कृत ‘अंगार’ एकाच मुळाचे. ‘वोदा’ म्हणजे पाणी, आणि ते आपल्या ‘उदक’च्या कुळातले. जुन्या मराठी पुस्तकांत हायड्रोजनला ‘उद्जन’ म्हटलेले आढळते. म्हणजे वोदूर आणि उद्जन हे हजारो मैलांवरचे चुलतभाऊ, आणि त्यांना हे ठाऊकही नव्हते. टाकून दिलेल्या ‘क्वास’चे नातेही भाषाशास्त्रज्ञ संस्कृत ‘क्वथ्’ धातूशी जोडतात, ज्यावरून वैद्यांचा ‘क्वाथ’, म्हणजे काढा, आला.

त्लेनला मी नुसता वेगळा म्हणून चांगला म्हणत नाही. तो प्रयोगाशी जुळतो. तुमच्या मुलीने शाळेत पाहिला असेल, नसेल तर शिक्षकांना सांगून जरूर पाहावा. परीक्षानळीत पोटॅशियम परमँगनेटचे जांभळे स्फटिक तापवतात. उदबत्ती पेटवून तिची ज्योत विझवतात, टोकाला फक्त लाल ठिणगी राहते, वर धुराची रेघ. ही धुमसती उदबत्ती नळीच्या तोंडातून हळूच आत नेली की भप्पकन पुन्हा पेटते. बाहेर काढून विझवा, परत आत न्या, परत पेटते. वायू ओळखण्याची जगभर शिकवली जाणारी खूण हीच. ज्या भाषेत त्या वायूचे नावच धुमसण्यावरून पडले आहे तिथे प्रयोग आणि नाव एकमेकांना आधार देतात. काटेकोरपणे पाहिले तर ऑक्सिजन स्वतः धुमसत नाही, दुसऱ्याला धुमसवतो. तेवढी सूट नावाला द्यायला हरकत नाही.

आणखी एक गंमत रशियनमध्ये आहे. पोलिश त्लिचचे तिथले भावंड ‘त्लेत’. त्याचे अर्थ दोन : धुमसणे आणि कुजणे. जुन्या स्लाव्ह लोकांना रसायनशास्त्र कुठून माहीत असणार? तरी त्यांनी दोन्हींना एक शब्द दिला, आणि तो रसायनाच्या दृष्टीने बरोबर ठरतो. थंडीच्या दिवसांत सकाळी उकिरडा फावड्याने उकरला की आतून वाफ निघते, हात घातला तर चटका बसेल इतका तो आत तापलेला असतो. शेण, पाचोळा, कडबा यांना सूक्ष्म जीव हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने खातात, त्याची ही ऊब. गोवरीचे धुमसणे आणि उकिरड्याचे कुजणे ही एकाच वायूची कामे, फक्त एक वेगाने चालते, दुसरे सावकाश.

पोलंडचा या वायूशी संबंध नावापुरता नाही. १८८३ साली क्राकुवच्या यागिएलोनियन विद्यापीठात झिग्मुंट व्रुब्लेव्स्की आणि कारोल ओल्शेव्स्की या दोघांनी ऑक्सिजन पहिल्यांदा नीट द्रवरूपात आणला. त्याआधी १८७७ साली फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमध्ये त्याचे क्षणभराचे धुके वा फवारा दिसला होता; क्राकुवमध्ये तो नळीत शांतपणे उकळताना पाहता आला. उणे १८३ अंश सेल्सियसला उकळणारा तो फिकट निळा द्रव. आज दवाखान्यांच्या आवारात उभ्या असलेल्या ऑक्सिजनच्या टाक्यांत तोच असतो.

त्याच्याही मागे जायचे तर मिखाऊ सेंजिवुय हा पोलिश किमयागार भेटतो. १६०४ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात हवेत जीवनाचे गुप्त अन्न असते अशी कल्पना आहे, आणि त्याचा संबंध तो सोऱ्याशी लावतो. सोरा तापवला की खरोखरच ऑक्सिजन निघतो. म्हणून काही पोलिश इतिहासकार ऑक्सिजनच्या शोधाचे श्रेय त्याला देऊ पाहतात. ते मला ओढूनताणून वाटते. वायू हाती लागणे निराळे आणि तो काय आहे हे कळणे निराळे. पण जीवनाचे अन्न ही कल्पना तुमच्या गुरुजींच्या प्राणवायूच्या अगदी जवळची आहे, यात शंका नाही. चिनी लोकांनीही एकोणिसाव्या शतकात हाच मार्ग धरला. त्यांच्या ‘यांग’ या नावात मुळात पोषणाचा अर्थ आहे.

आता प्राणवायूबद्दल. हा शब्द गोड आहे, आणि आम्लजनकासारखा खोटा नाही. श्वासावाचून प्राण नाही हे कुणालाही पटते. २०२१च्या कोरोना लाटेत मराठी वर्तमानपत्रांनी हाच शब्द मथळ्यांत वापरला आणि तो काळजाला भिडला. जुन्या मराठी पुस्तकांत याच प्राणापासून पुढची नावेही बनली होती. कार्बन डायऑक्साइडला ‘कर्बद्विप्रणील’ म्हणत. तरी माझी एक तक्रार आहे. प्राण, अपान, व्यान, उदान, समान या पाच वायूंतला ‘प्राण’ फार जुना, योग आणि आयुर्वेदातला, त्याचा अर्थ पूर्ण वेगळा. दोन्हींना एकच नाव पडल्यामुळे प्राचीनांना ऑक्सिजन माहीत होता असे भाषणांत ठोकून दिले जाते. दुसरे, लोखंड गंजवणारा, तेल खवट करणारा, गंजी पेटवणारा वायूही हाच, हे प्राणवायू म्हणताना मनात येतच नाही. त्या वायूचे सौम्य रूपच तेवढे नावात उरते.

त्लेनच्या सर्वांत जवळचा भारतीय शब्द घडवला डॉ. रघुवीर यांनी. संस्कृतातून हजारो पारिभाषिक शब्द पाडणारे हे विद्वान काही वर्षे नागपुरात राहून काम करत होते. ऑक्सिजनला त्यांनी ‘जारक’ म्हटले. जारण, म्हणजे धातू भाजून त्याची पूड करणे, ही रसशास्त्रातली जुनी क्रिया, त्यावरून हा शब्द. अर्थाने तो नेमका होता, पण चालला नाही. हायड्रोजन, नायट्रोजन, क्लोरीन सगळ्यांनाच एकदम अनोळखी नावे मिळाली की शिक्षक आणि विद्यार्थी दोघेही दमतात. १९६१ साली केंद्र सरकारने वैज्ञानिक परिभाषेसाठी आयोग नेमला, त्याने मूलद्रव्यांची नावे आंतरराष्ट्रीय रूपातच ठेवण्याचे धोरण धरले. मराठी विश्वकोशातही नोंद ‘ऑक्सिजन’ अशीच आहे. पोलिश शब्द टिकला आणि आपला जारक टिकला नाही, याचे मला वाटणारे कारण साधे आहे. त्लिच हे क्रियापद पोलंडच्या स्वयंपाकघरात रोज बोलले जात होते. जारण हे पोथीतच होते.

तुमच्या वडिलांचे ‘ऑक्सिजन’ही काही योगायोगाने आलेले नाही. बीदर जिल्हा तेव्हा हैदराबाद संस्थानात. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने वरपर्यंतचे शिक्षण उर्दूतून देण्याचे धाडस केले, त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते उघडले, आणि परिभाषा कशी घडवावी यावर वहीदुद्दीन सलीम यांनी ‘वज़्-ए-इस्तिलाहात’ हे पुस्तक १९२१ साली लिहिले. कोणता शब्द नवा पाडायचा आणि कोणता जसाच्या तसा घ्यायचा, हा खल तिथे कसून झाला. उर्दूत ऑक्सिजन तसाच राहिला. १ नोव्हेंबर १९५६ला भाषावार प्रांतरचनेत बीदर म्हैसूर राज्यात गेले, कन्नड शाळा वाढल्या, आणि तुमच्या घरी आम्लजनक आला. मुलीने परीक्षेत तो बेधडक लिहावा, उत्तर बरोबरच धरले जाईल. फक्त आम्लात काय असते असा प्रश्न आला तर नावाच्या मोहात पडू नये. तिथे हायड्रोजन लिहावे.

आता नवसागराकडे. यात सागरही नाही आणि ‘नव’ही नाही. हिंदी-उर्दूत हाच पदार्थ ‘नौसादर’, गुजरातीत ‘नवसार’, तमिळमध्ये ‘नवच्चारम्’. संस्कृत रसग्रंथांत ‘नवसार’ किंवा ‘नरसार’. फारसीत ‘नौशादर’, तुर्कीत ‘निशादिर’, रशियनमध्ये ‘नशातीर’. ही सगळी एकाच शब्दाची रूपे आहेत. मराठी आणि कन्नड माणसाच्या कानाला ‘नवसार’ अपुरा वाटला असावा, जिभेवर असलेला ‘सागर’ त्यात बसला आणि नवसागर झाला. परका शब्द ओळखीच्या शब्दाच्या आकारात ओढून घेण्याची ही सवय सगळ्याच भाषांना असते.

मूळ शब्द बहुधा इराणी भाषांतला. बर्थोल्ड लाउफर या अभ्यासकाने १९१९ साली फारसी, चिनी आणि संस्कृत नावांची तुलना करून त्याचा माग मध्य आशियाकडे नेला. एका मताप्रमाणे तो जुन्या फारसीतल्या ‘अमर अग्नी’ अशा अर्थाच्या जोडशब्दापासून आला. हे मत मला पटण्याजोगे वाटते, कारण तो माल येत होता तो अशाच ठिकाणाहून. आजच्या ताजिकिस्तानातल्या डोंगरांत जमिनीखालचे कोळशाचे थर शतकानुशतके धुमसत आहेत. दहाव्या शतकातल्या अरब भूगोलकारांनी तिथले वर्णन केले आहे : गुहेतून दिवसा धूर आणि रात्री आग दिसते, भिंतींवर वाफेचा पांढरा थर जमतो, तो खरवडून काढतात. तोच नौशादर. तिथून तो उंटांच्या पाठीवरून चीन, इराण आणि हिंदुस्थानात गेला, आणि नाव मालाबरोबर गेले.

आपल्याकडे तो देशीही मिळत होता. ‘रसरत्नसमुच्चय’ या ग्रंथात विटांच्या भट्टीत तयार होणाऱ्या हलक्या पांढऱ्या लवणाचा उल्लेख आहे, तो याचाच. हरियाणातल्या कैथल भागातले कुंभार विटांच्या भट्ट्यांतून नवसागर काढत, हे इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरांत नोंदले आहे. इजिप्तमध्ये उंटाचे शेण जाळून त्याच्या काजळीतून तो काढत आणि अठराव्या शतकापर्यंत युरोपला पुरवत. युरोपातले नाव मात्र वेगळ्या वाटेने आले. लिबियाच्या वाळवंटाजवळ सिवा इथे अमुन देवाचे प्रसिद्ध देऊळ होते. त्या परिसरातल्या मिठाला रोमन लोक अमुनचे मीठ म्हणत. ते साधे खनिज मीठ होते, पण पुढे ते नाव नौशादराला चिकटले. ‘साल अमोनियाक’चे पोलिश रूप ‘साल्मियाक’. म्हणजे इथे बाजू उलटली : पोलिश नाव परके, आणि रशियन नाव आपल्या नवसागराचे नातलग. या मिठातून निघणाऱ्या झणझणीत वायूला १७८२ साली स्वीडनच्या टोर्बेर्न बेरीमनने अमोनिया म्हटले.

कल्हईवाला काय करतो ते आता पाहा. पितळी पातेले भात्यावर तापवतो, कथलाची कांडी फिरवतो, नवसागराची पूड टाकतो, पांढऱ्या धुराचा लोट उठतो आणि कापसाच्या बोळ्याने कथील सरकन पसरते. उष्णतेने नवसागराचे दोन वायू होतात, एक अमोनिया आणि दुसरा हायड्रोजन क्लोराइड. हा दुसरा म्हणजे डेव्हीने ज्यात ऑक्सिजन नाही असे सिद्ध केले त्या आम्लाचाच वायू. तो पितळेवरचा ऑक्साइडचा मळ खाऊन टाकतो, धातू उघडा पडतो, म्हणून कथील चिकटते. ऑक्सिजनाने आणलेला थर बिनऑक्सिजनचे आम्ल काढते, आणि लाव्हाझिएच्या नावातली चूक कल्हईच्या प्रत्येक भांड्यात दिसते.

बीदरच्या बिदरी कामातही नवसागर लागतो, पण उलट कामासाठी. सुमारे सोळा भाग जस्त आणि एक भाग तांबे अशा मिश्रधातूचे भांडे, त्यावर चांदीची जडण. शेवटी किल्ल्यातली जुनी माती आणि नवसागर यांच्या पाण्यात ते गरम करून घोळतात. जस्त-तांब्यावर काळा थर चढतो, चांदी पांढरीच राहते.

मुलीला नवसागरातल्या अमोनियाची ओळख करून द्यायची असेल तर चिमूटभर नवसागर आणि चिमूटभर ओला चुना बशीत एकत्र करून काडीने घोटावा. लगेच अमोनियाचा वास सुटतो. खिडकी उघडी ठेवा, नाक बशीवर नेऊ नका, हाताने हवा आपल्याकडे ओढून वास घ्या, आणि नंतर बशी भरपूर पाण्याने धुऊन टाका.